वहीतलं दुसरं नाव

ओडलाउग रॉनिंगेनने त्वेरदालच्या शाळेची बस सत्तावीस वर्षं चालवली. आज गावातली जी माणसं चाळिशीला टेकलीत, ती अजून दुकानात ओडलाउग दिसली की टोपी सरळ करतात आणि च्युइंगम गिळून टाकतात. बसमध्ये उभं राहायचं नाही, खोटं बोलायचं नाही, आणि आईने उठवलं नाही ही सबब तर अजिबात सांगायची नाही. नवरा लवकर गेला, लेक त्रोनहाइमला नोकरीला लागली, बस सुटली. आता ही बाई घरात बसून काय करणार, म्हणून गावाने तिच्या हातात पेटी दिली. बसून राहिली असती तर आम्हालाच जड गेलं असतं, हेही खरं.

पेटी म्हणजे स्कारहो डोंगराच्या माथ्यावर दगडांच्या ढिगात ठेवलेली लोखंडी पेटी. आत एक वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. पेन ठेवून उपयोग नाही, शाई गोठते. जो वर पोचेल त्याने नाव, तारीख आणि वेळ लिहायची. वर्षात ठरलेल्या फेऱ्या भरल्या की क्रीडामंडळ एक कप देतं. साधा चिनी मातीचा कप, त्यावर डोंगराचं चित्र, तेही दरवर्षी तेच. पण त्या कपासाठी आमची माणसं काय काय करतील ते विचारू नका. गुडघे गेलेली माणसं काठ्या टेकत वर जातात आणि खाली आल्यावर, सहज पाय मोकळे करायला गेलो होतो, असं सांगतात.

वह्या भरल्या की खाली आणून तपासायचं काम ओडलाउगचं. ती नुसती मोजायची नाही, अक्षरं बघायची. गेल्या वसंतात तिला आर्नफिनच्या बायकोचं नाव सलग चार आठवडे सापडलं, आणि बायको तर मुरगळलेला पाय उशीवर ठेवून घरात पडलेली होती. अक्षर आर्नफिनचं. वार्षिक सभेत सगळे वॉफल खात असताना ओडलाउग उभी राहिली, चारही तारखा वाचून दाखवल्या आणि त्या वर्षापुरती दोघांची नावं कापली. आर्नफिनचा चेहरा पडला. तेव्हापासून ती समोरून आली की तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. आमच्याकडे भांडण असंच होतं. कुणी आवाज चढवत नाही.

आणि याच ओडलाउगने जानेवारीतल्या तीन रविवारी आयलिफ मोएनचं नाव वहीत खोटं लिहिलं.

आयलिफ चौऱ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर सुतारकाम केलेला, बायको बोर्गहिल्डशीसुद्धा बोलायला अगदी कंजूष. एकोणीस वर्षं एकही रविवार त्याने स्कारहो चुकवला नव्हता. स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पहाटे उठून जाऊन आला आणि डोक्यावर टोपीच्या खुणा घेऊन चर्चमध्ये उभा राहिला. मार्चमध्ये त्याचा हजारावा रविवार यायचा होता. मंडळाने केक ठरवला होता, वर्तमानपत्रवाले येणार होते, आणि दुकानात, पोस्टात, जो भेटेल तो त्याला किती राहिले म्हणून विचारायचा.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी ओडलाउग आणि आयलिफ दोघं नेहमीसारखी बरोबर निघाली. अर्ध्या वाटेवरच्या तळ्यापाशी आयलिफ थांबला. छातीत जरा धरल्यासारखं होतंय म्हणाला, थंडीने असेल. मग हातमोज्याकडे बघत म्हणाला, "वर माझं नाव तेवढं लिही. बोर्गहिल्डला बोलू नकोस, ती उगाच डॉक्टरकडे ओढत नेईल. मार्च झाला की मीच जातो."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर ओडलाउगने त्याला तिथेच सोलून काढला असता. पण नवरा गेला त्या हिवाळ्यात रोज सकाळी ती उठायच्या आत तिच्या दारातला बर्फ काढलेला असायचा. पूर्ण हिवाळा. कोण काढतं हे तिला फावड्याच्या आवाजावरून ठाऊक होतं, आणि आयलिफने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. तिने मान हलवली, वर गेली आणि लिहिलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच झालं, पुन्हा लिहिलं.

तिसऱ्या रविवारी सकाळी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचा पारा उणे एकोणतीसवर होता. वारा नाही, आभाळ काचेसारखं स्वच्छ. अशा दिवशी शहाण्या माणसाने चुलीपाशी बसावं, पण शहाणपणासाठी त्वेरदालला कुणी कप देत नाही. तिने लोकरीचे दोन थर चढवले, थर्मास भरला, बसायला रेनडियरचं कातडं पिशवीला बांधलं आणि दहाला चर्चच्या फाटकाशी आली. आयलिफ आधीच उभा होता. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि मफलरवर श्वासाचा बर्फ धरला होता.

वाट तुडवलेली होती, तरी त्याला तळ्यापर्यंत एक तास लागला. पायाखाली बर्फ करकरत होता, नाकपुड्या आतून चिकटत होत्या. तळ्याशी पोचल्यावर थंडी आणखी चावायला लागली. आमच्याकडे अशा निवांत दिवशी थंडी उतारावरून खाली येते आणि तळ्याच्या खळग्यात साचून राहते. माथ्यावर त्या मानाने ऊब असते. हे इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे, म्हणून तळ्यावर कुणी रेंगाळत नाही.

आयलिफ थांबला. या वेळी त्याने छातीचं नावही काढलं नाही, नुसतं "तेवढं..." म्हणाला.

ओडलाउग भडकली. "हे शेवटचं, आयलिफ. पुढच्या रविवारी मी लिहिणार नाही. सरळ तुझ्या बायकोकडे जाऊन सांगणार आहे."

"बरं," आयलिफ म्हणाला.

ती चढायला लागली. वळणावर मागे पाहिलं तर तो तिथेच उभा होता, ती दिसेनाशी व्हायची वाट बघत. तिच्या डोळ्यांदेखत माघारी फिरायची लाज वाटत असेल, असं तिला वाटलं. म्हणून तिने पुन्हा मागे पाहिलं नाही.

माथ्यावर ऊन होतं. तिने जाकिटाची चेन उघडली, कॉफी प्यायली, आणि साडेबाराला वहीत दोन नावं लिहिली. आधी स्वतःचं, मग खाली, अक्षर जरा तिरकं करून, आयलिफ मोएन. अक्षर तिरकं करताना तिला स्वतःचीच किळस आली. मग ती नेहमीसारखी पलीकडच्या बाजूने उतरून होवला बहिणीकडे जेवायला गेली. आयलिफ नेहमी आल्या वाटेने परतायचा आणि अडीचला घरी असायचा. गेली एकोणीस वर्षं हे असंच चाललेलं.

चार वाजता बहिणीचा फोन वाजला. ओडलाउगचा स्वतःचा फोन थंडीने बंद पडून पिशवीत तसाच राहिला होता. पलीकडे बोर्गहिल्ड होती, आयलिफची बायको, आणि तिचा आवाज अगदी सपाट होता. आयलिफ आला नव्हता. सव्वातीनला आर्नफिन स्नोस्कूटर घेऊन सगळी वाट धुंडाळत माथ्यापर्यंत गेला होता, वाटेत कुणी नव्हतं. वही बघितली, वहीत दोघांची नावं होती.

"साडेबाराला वर होता ना तो तुझ्याबरोबर? तेव्हा बरा होता ना?" बोर्गहिल्डने विचारलं.

 ओडलाउगच्या तोंडून एवढंच निघालं, "मी येते."

बहिणीने गाडी हाणली. वळसा घालून, शोधपथक जमलं होतं त्या शाळेत पोचेतो पाच वाजले. बाहेर केव्हाच अंधार पडला होता आणि पारा उणे बत्तीसवर गेला होता. व्यायामशाळेत मोठ्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि समोर रागनी उभी होती. रागनी शोधपथकाची प्रमुख. लहानपणी ओडलाउगच्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसायची, कारण मागे बसवलं तर दंगा करायची. कोपऱ्यात बोर्गहिल्ड बसली होती. मांडीवर आयलिफचे कोरडे मोजे होते, आणि ते ती पुन्हा पुन्हा एकात एक घालत होती.

आर्नफिनने खाली आणलेली वही टेबलावरच होती. आमच्याकडे कुणी हरवलं की शोधणारा आधी पेटी उघडतो. वही जे सांगेल तिथून पुढे शोध सुरू होतो. वहीवर कुणी शंका घेत नाही, आणि गेल्या वसंतापासून तर मुळीच नाही, कारण ओडलाउगने ती धुऊन-पुसून स्वच्छ केली होती.

"साडेबाराला दोघंही वर," रागनी बोट ठेवत म्हणाली. "तू होवच्या बाजूने उतरलीस. आणि तो?"

व्यायामशाळेत वीसेक माणसं होती. सगळी तिच्याकडे बघत होती. दाराशी आर्नफिन पेट्रोलचा डबा भरत होता, तोही थांबला.

"आलो त्या वाटेने," ओडलाउग म्हणाली.

शब्दाला शब्द लावला तर हे खोटं नव्हतं. तो आल्या वाटेनेच फिरला होता. रागनीने मात्र माथ्यापासून खाली रेघ ओढली आणि पूर्वेच्या घळीभोवती गोल काढला. धुक्यात किंवा दमल्यावर माणसं तिथेच वाट सोडून घसरतात. पथकाच्या तीनही स्कूटर तिकडे निघाल्या. शहरातून माग काढणारा कुत्रा येत होता, तोही तिकडेच जाणार होता.

ओडलाउग कॉफीच्या किटल्या भरायला लागली. हात हलत राहिले आणि डोकं स्वतःची समजूत काढत राहिलं. तळ्याच्या खालची वाट आर्नफिनने बघितलीय, तिथे आयलिफ नाही. मग मी खरं सांगून काय वेगळं होणार आहे? नुसती त्याची अब्रू जाईल. हजाराव्या रविवारचा केक, वर्तमानपत्र, सगळं पाण्यात. तिने असं दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी, खरंच त्याचीच अब्रू का, असा प्रश्न आत कुठेतरी उठला आणि तिने किटलीचं झाकण जोरात आपटलं.

पण मग तो गेला कुठे? वर नाही. खाली नाही. घरी नाही.

बोर्गहिल्डपुढे कप ठेवताना ती खुळ्यासारखी विचारून बसली, गेल्या रविवारी तो घरी कधी आला होता म्हणून. नेहमीप्रमाणे अडीचला, बोर्गहिल्ड म्हणाली. नुसता गारठून आला होता बिचारा. एक तास चुलीपाशी बसला तरी बोटं वळेनात. त्याच्या आदल्या रविवारीही तसंच. वर एवढी थंडी होती का गं?

ओडलाउगच्या हातातली किटली तशीच राहिली. गेल्या रविवारी माथ्यावर ऊन होतं, तिने टोपी काढली होती. आणि आयलिफ तळ्याशी अकराला माघारी फिरला होता. तळ्यापासून घर चालत चाळीस मिनिटं. म्हणजे तो बाराच्या आत घरी पोचायला हवा होता. तो पोचला अडीचला. मधले तीन तास तो कुठे होता हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

आणि मग तिला सगळं लख्ख दिसलं. लवकर घरी गेला असता तर बोर्गहिल्डला कळलं असतं. वाटेवर थांबला असता तर येणाऱ्या-जाणाऱ्याने बघितलं असतं. वहीत साडेबारा लिहिलेलं असताना बाराला गावात कसं दिसायचं? तिने लिहिलेली वेळ खरी ठरावी म्हणून तो कुठेतरी बसून वेळ काढत होता. आडोशाला, कुणाला दिसणार नाही असा. तळ्याच्या काठी, झाडांमागे, त्याची होडीची खोप होती. त्या खळग्यात, जिथे थंडी साचते.

ती टेबलापाशी गेली. तिचा आवाज बसमधला निघाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"रागनी, ती रेघ पूस. आयलिफ वर गेलाच नव्हता. त्याचं नाव मी लिहिलं. तो अकराला तळ्याशी थांबला, छातीत दुखत होतं म्हणून. आज तिसरी वेळ. मी मघाशी तुम्हाला हे सांगितलं नाही, वीस मिनिटं फुकट घालवली. तो होडीच्या खोपीत असणार."

 रागनीने एकदा तिच्याकडे बघितलं, आणि लगेच बिनतारी यंत्र उचलून स्कूटरी माघारी बोलवायला लागली. उरलेल्या सगळ्यांच्या माना आपोआप आर्नफिनकडे वळल्या. त्याला हवं तर तो आता बोलू शकत होता. गेल्या वसंतापासून मनात साठवलेलं सगळं, आणि कुणी त्याला अडवलं नसतं.

आर्नफिनने डब्याचं झाकण फिरवून घट्ट केलं. "माझी स्कूटर बाहेर आहे," तो म्हणाला. "खोप अंधारात सापडायची नाही. तू मागे बस."

तळ्यापर्यंत बारा मिनिटं लागली. ओडलाउगने त्याच्या पाठीत तोंड खुपसलं होतं, तरी गालांची जाणीव गेली. ती पुटपुटत होती, देवाला की आयलिफला ते तिलाही सांगता आलं नसतं. तळ्याच्या काठी तिने आर्नफिनच्या खांद्यावर थाप मारली. दिव्याच्या झोतात मुख्य वाटेपासून झाडांत शिरणारी एक बारीक पायवाट दिसली. एकाच माणसाच्या बुटांची, जायची आणि यायची, थरावर थर. दुपारी आर्नफिन इथूनच गेला होता. पण जो माणूस साडेबाराला वर होता त्याला इथे कोण शोधणार?

खोपीचं दार आतून लावलेलं होतं. कुणी ढकलून बघू नये म्हणून त्याने कड्यांतून वल्हं घातलं होतं. आर्नफिनने दोन हाका मारल्या, मग फावड्याने फळी फोडली.

आयलिफ उपड्या होडीला टेकून कातड्यावर बसला होता. अंगाभोवती जुनं शीड गुंडाळलेलं, थर्मास मांडीवर आडवा. चेहरा मेणाचा झाला होता.  आर्नफिन गुडघ्यावर बसला, कान त्याच्या तोंडाशी नेला आणि हात वर केला. श्वास होता. त्याने आयलिफला चोळलं नाही, हलवलं नाही. स्वतःचं जाकीट काढलं, त्याच्याभोवती घातलं, स्कूटरवरची झोपायची पिशवी दोघांवर ओढली आणि त्या म्हाताऱ्याला मिठी मारून बसला. ओडलाउगने दुसऱ्या बाजूने तेच केलं. गेल्या वसंतापासून एकमेकांशी न बोललेली ती दोघं, मध्ये आयलिफ, आणि बाहेरून बाकीच्या स्कूटरींचा आवाज कधी येतो याकडे कान.

बऱ्याच वेळाने आयलिफच्या पापण्या हलल्या. त्याने ओडलाउगकडे बघितलं. ओळखलं की नाही कोण जाणे. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून आले.

"अडीच... वाजले का?"

ओडलाउगला रडू फुटलं. एवढ्या वर्षांत तिला रडताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या दफनालासुद्धा ती खांब होऊन उभी होती. आता आर्नफिनसमोर ती लहान पोरासारखी रडली. तिची आसवं गालावरच गोठत होती.

"वाजले," ती म्हणाली. "वाजले रे. चल घरी."

आयलिफ वाचला. पायाची तीन बोटं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. छातीच्या दुखण्याचं कारण डॉक्टरांनी शोधून काढलं आणि नीटही केलं. हे महिन्याभरापूर्वी अर्ध्या दिवसात झालं असतं, असं ते म्हणाले. आर्नफिनने यातलं काही गावात वाढवून सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, अख्ख्या व्यायामशाळेने ऐकलं होतं. ओडलाउगने पेटीतली वही आणि जुन्या वह्या रागनीच्या दारात नेऊन ठेवल्या. तीनही रविवार स्वतःच्या हाताने खोडले होते, आयलिफचे आणि स्वतःचेही.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. आयलिफ झोपला होता. बोर्गहिल्ड बाहेर बाकावर बसली होती. ओडलाउग तिच्याशेजारी बसली आणि पहिल्या रविवारपासून सगळं सांगितलं, काही न गाळता. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, अक्षर कसं तिरकं केलं तेही. मग बोर्गहिल्डने शिव्या घालाव्यात म्हणून मान खाली घालून बसली. बोर्गहिल्ड एखादा वाईट शब्द बोलली असती तर तिला बरं वाटलं असतं.



"म्हणजे तीन रविवार तो अकरापासून अडीचपर्यंत त्या खोपीत बसला," बोर्गहिल्ड म्हणाली. "मला कळू नये म्हणून."

"हो."

"मी काय केलं असतं गं, ओडलाउग? कॉफी टाकली असती."